खराटा आणि धर्मशाळा

(संत गाडगेमहाराजांच्या स्मृतिदिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



मुंबईत चौपाटीच्या किंवा एखाद्या मोठ्या उद्यानाच्या आसपास राहणारे नागरिक विभाग कार्यालयाकडे जे तक्रारअर्ज धाडतात, त्यांतल्या पुष्कळ अर्जांचा मजकूर एकाच वळणाचा असतो. वाळूवर कचरा साचला आहे, दिवे बंद आहेत, कुत्री मोकाट सुटली आहेत आणि बेघर लोकांनी मुक्काम ठोकला आहे, सबब या सर्वांचा त्वरित बंदोबस्त व्हावा, अशी ती दरखास्त असते. अर्जदार दुष्ट नसतो. सकाळी फिरायला जाणारा, नातवंडाला झोपाळ्यावर बसवणारा, मालमत्ता कर मुदतीत भरणारा असा तो सरळमार्गी गृहस्थ असतो, आणि त्याची तक्रार बऱ्याच अंशी खरीही असते. परंतु त्या यादीत जिन्नस आणि माणसे एका ओळीत येऊन बसतात. ती यादी तशीच कार्यालयाच्या दप्तरात जाते, तिच्यावर शेरा पडतो, आणि एके दिवशी पहाटे वाळूवरचा कचरा व एखाद्या कुटुंबाचा संसार एकाच गाडीत भरला जातो. घाण दूर करणे आणि माणसाला हुसकून लावणे ही दोन कृत्ये मुळात निराळी आहेत. त्यांची कारणे निराळी, त्यांवरचे उपायही निराळे. ती एका हुकमात गुंफल्यामुळे आपल्या शहराची घाण गेली नाही आणि बेघरांना आसराही मिळाला नाही, एवढे एकच म्हणणे मांडण्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम घाणीकडे पाहू. पावसाळ्यात उधाणाची भरती साडेचार मीटरांच्या वर जाते, आणि ती ओसरली की दादरच्या, माहीमच्या किंवा जुहूच्या वाळूवर काळपट कचऱ्याची एक लांबच लांब रेघ उमटते. त्या रेघेजवळ जरा खाली बसून पाहावे. तुटक्या चपला, शाम्पूच्या पुड्या, दात घासण्याचे झिजलेले ब्रश, औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाने, थर्माकोलचे मणी, पिशवीसकट विसर्जित केलेले निर्माल्य, आणि या सर्वांच्या मधून मधून, बोटाच्या पेराएवढे, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. हा कोपरा मला फार बोलका वाटतो. ज्या घरात रोज सकाळी दुधाची पिशवी येते, ती फोडायला कात्री असते, दूध तापवायला शेगडी असते आणि धुण्याला मोरी असते, त्या घरातून तो निघालेला असतो. वाळूवर रात्र काढणाऱ्याच्या वाट्याला इतक्या जिनसा येतच नाहीत. ही घाण चौपाटीवर तयार झालेली नसते. शहराच्या सोसायट्यांतून, चाळींतून, बाजारांतून आणि झोपडवस्त्यांतून ती नाल्यांत पडते, नाल्यांतून मिठी, ओशिवरा, पोईसर व दहिसर या नद्यांत उतरते, आणि खाड्यांवाटे समुद्रात जाऊन भरतीबरोबर किनाऱ्याला लागते. रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या या शहरात उचलण्याची व्यवस्था जिथे जिथे तोकडी पडते, तिथला शेष शेवटी पाण्याच्या वाटेला लागतो.

वर्सोव्याचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शहा या तरुण वकिलाने तेथील किनारा स्वतःच्या हाताने साफ करायला आरंभ केला. हळूहळू माणसे जमली, आठवड्यामागून आठवडे श्रमदान झाले, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने 2016 साली त्यांचा गौरव केला, आणि 2018 च्या मार्च महिन्यात त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. हे कार्य मला वंदनीय वाटते. पण त्यातला खरा धडा पुढचा आहे. किनारा कितीही झाडला तरी कचरा पुन्हा येतोच, हे उमगल्यावर त्या मंडळींनी आपला मोर्चा मिठी नदीच्या काठावरील वस्त्यांकडे वळवला. किनाऱ्याच्या घाणीचे उत्तर किनाऱ्यावर नाही, हे ज्याने हात काळे केले त्याला सर्वांआधी कळले.

रविवारी संध्याकाळी भेळेच्या कागदी बशा आणि पाण्याच्या बाटल्या वाळूवर टाकून जाणारा आपल्यासारखाच सहल करणारा माणूस या हिशेबात अर्थातच येतो. त्याच्याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही, तो या सभागृहातही असेल.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच बाटल्या, तोच पुठ्ठा, तेच पत्र्याचे डबे रात्री अकरानंतर कोण गोळा करतो? ज्यांना आपण घाण करणारे म्हणतो त्यांतले कितीतरी लोक या शहराचा सुका कचरा वेचून त्यावर गुजराण करतात. पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या बाया या चोर किंवा भिकारी नसून श्रमिक आहेत, त्यांना ओळखपत्र असावे, त्यांच्या कष्टाचा मोबदला ठरलेला असावा, हा विचार प्रथमच संघटितपणे पुढे आला. त्यातूनच पुढे दारोदार कचरा गोळा करणारी त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली. जो वर्ग स्वच्छतेचा सहकारी होऊ शकतो, त्यालाच स्वच्छतेच्या नावाने हाकलण्यात कारभाराचा शहाणपणाही नाही.

ही गल्लत आजची नव्हे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा प्रादुर्भाव उघडकीस आला, आणि सरकारने त्याचे मूळ गरिबांच्या खोल्यांत शोधले. घरे पाडणे, कौले उतरवणे, भिंतींना भोके पाडणे, सामान जाळणे, माणसांना छावण्यांत नेणे हे सारे आरोग्याच्या नावाने झाले. पुण्यात त्याचा जो संताप उसळला तो आपण सर्व जाणतो. 1898 साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निर्माण झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या सुबक वसाहती आखल्या, आणि आज ज्या मोकळ्या हवेचा आपण उपभोग घेतो तिचे पुष्कळसे श्रेय त्या आखणीला आहे, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु ट्रस्टने जितक्या गरिबांची घरे पाडली तितक्यांना घरे दिली नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या मोहल्ल्यात आधीच दाटीने राहणाऱ्यांच्या खोल्यांत शिरली, आणि जी दाटी मोडायची ती दुसऱ्या गल्लीत वाढली. त्या काळापासून आपल्या नगररचनेला एक सवय जडली आहे: डोळ्यांसमोरून काही नाहीसे झाले की ते नाहीसे झाले, असे ती मानते.

मग हे बेघर लोक आहेत तरी कोण? 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री रस्त्यांवर, फलाटांवर, पुलांखाली झोपलेल्यांची मोजणी झाली. देशात ती संख्या सुमारे 17 लाख 73 हजार भरली, महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर गेली, आणि बृहन्मुंबईत सुमारे 57 हजार. एका रात्रीत, कंदिलाच्या उजेडात केल्यासारखी ही गणती. जो पहाऱ्याच्या भीतीने अंधारात सरकला तो तीत आलाच नसणार. परंतु ही संख्या जशीच्या तशी धरली तरी तीत नाक्यावर उभा राहणारा बिगारी आहे, लग्नाच्या मांडवात वाढपी म्हणून राबून मध्यरात्री मोकळा होणारा पोऱ्या आहे, हातगाडी ओढणारा आहे, फुले ओवणारी आहे, नवऱ्याने टाकलेली बाई आहे, वेड लागून घरातून निघालेला आणि घराला नकोसा झालेला म्हातारा आहे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबई गाठलेल्यांची तिसरी पिढी काही पदपथांवर वाढली. 1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले आणि खानावळींच्या व गाळ्यांच्या आधारावर जगणारी किती माणसे उघड्यावर आली, याचा जमाखर्च कोणी धड मांडलेलाच नाही. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास पाहा: विदर्भातून, बंगालमधून, बिहारमधून आलेले रोगी आणि त्यांचे नातेवाईक केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमधले दिवस पदपथावर चटई टाकून काढतात. त्यांना गावात घर आहे, शेत आहे. मुंबईत मात्र ते बेघर आहेत.

पारध्यांची कहाणी सर्वांत कठोर. ब्रिटिशांनी 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो 31 ऑगस्ट 1952 रोजी कायद्याने पुसला गेला, पण गावाच्या आणि ठाण्याच्या मनातून पुसला गेला नाही. गावात थारा नाही म्हणून शहरात यायचे, शहरात पुलाखाली राहायचे, आणि जवळपास चोरी झाली की प्रथम आपलीच पाले तपासली जाणार हे ठाऊक असल्यामुळे एका जागी फार दिवस रुजायचेही नाही. ज्या कुटुंबाला एक पत्ता टिकवता येत नाही त्याला शिधापत्रिका मिळणे कठीण, शिधापत्रिका नाही म्हणून दाखला कठीण, दाखला नाही म्हणून मुलाची शाळा कठीण. आणि शाळेत न गेलेला मुलगा सिग्नलवर हात पसरू लागला म्हणजे त्याला भिकारी म्हणून पकडण्याची तजवीज मात्र 1959 पासून तयार आहे.

त्या 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमाकडे आपण बारकाईने पाहावे. प्रत्यक्ष हात पसरणे हा तर त्यात अपराध आहेच. पण उपजीविकेचे कोणतेही दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणे किंवा तिथे अशा अवस्थेत राहणे की हा मनुष्य भिक्षेवर जगत असावा असे वाटावे, हेही भीक मागण्याच्या व्याख्येत बसवले आहे. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे, आणि पुन्हा दोषी ठरल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2018 मध्ये या कायद्यातील अनेक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. जिथे त्याचा जन्म झाला त्या आपल्या प्रांतात तो उभाच आहे. आज ज्यांचा स्मृतिदिन आपण पाळतो त्या महापुरुषाचे या कायद्यापुढे काय झाले असते, याचा विचार करून मी अस्वस्थ होतो. 1905 साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात फुटके मडके, डोळ्यांना दिसेल असे कोणतेही उपजीविकेचे साधन नाही, आणि भ्रमंती चालू. ते 20 डिसेंबर 1956 रोजी गेले. तीन वर्षांनी आलेल्या कायद्याची व्याख्या त्यांच्या बाह्य वेषाला शब्दशः लागू पडते.

दुसरा कायदा महापालिकेचा, 1888 चा. रस्त्यावरील अडथळा पूर्वसूचनेवाचून दूर करण्याचा अधिकार त्याचे कलम 314 आयुक्तांना देते. 1981 च्या ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून पदपथवासीयांना शहराबाहेर घालवण्याची मोहीम निघाली, झोपड्या मोडल्या, माणसांना गाड्यांत बसवले; त्यातून जो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तो ओल्गा टेलिस या पत्रकार बाईंच्या नावाने प्रसिद्ध आहे, परंतु अर्जदारांत स्वतः पदपथावर राहणारी माणसेही होती, हे विसरू नये. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निवृत्तीच्या आदल्या दिवशी, 10 जुलै 1985 रोजी, पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले. आणि तरीही पदपथावर राहण्याचा हक्क कोणाला नाही, कलम 314 वैध आहे, असेही त्याच निकालात सांगितले. पावसाळा संपेपर्यंत हटवू नये, 1976 च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रे मिळाली त्यांना पर्यायी जागा द्यावी, एवढी दया त्यात होती. तत्त्व थोर आणि पदरी पडलेला लाभ अल्प, असा हा निकाल आहे. त्याचा पूर्वार्ध विद्यापीठांत शिकवला जातो आणि उत्तरार्ध पहाटेच्या गाड्या अमलात आणतात.

अशी एक पहाट मी किनाऱ्यालगतच्या एका पदपथावर उभे राहून पाहिली आहे. गोणपाट, निळी ताडपत्री, दोन पातेली, एक स्टोव्ह, मुलाचे शाळेचे दप्तर हे सारे गाठोड्यासकट उचलून, बाजूच्या ढिगाऱ्यातल्या ओल्या कचऱ्यावर टाकले जात होते. बाई भांडत नव्हती. ती एवढेच म्हणत होती, “साहेब, बाकी सगळं न्या, पण तेवढी कागदांची पिशवी द्या.” प्लास्टिकच्या एका जाड पिशवीत, पाऊस लागू नये म्हणून दोन गाठी मारून, मुलाच्या जन्माचा दाखला, रुग्णालयाचा केसपेपर आणि कोणत्याशा जुन्या सर्वेक्षणाची पावती होती. पिशवी गाठोड्याच्या तळाशी होती आणि गाडीला पुढच्या नाक्यावर जायचे होते. पंचनामा झाला नाही, जप्त मालाची यादी झाली नाही, पोच मिळाली नाही. ज्या कागदांवाचून पुनर्वसनाचा अर्जच दाखल होत नाही, ते कागद कचराभूमीकडे गेले. अतिक्रमण हटवण्याचा अधिकार मान्य केला तरी माणसाची मालमत्ता कचरा ठरवण्याचा अधिकार कोणत्या कलमाने दिला, हे मला अद्याप सापडलेले नाही.

गाडगेमहाराजांचा खराटा आपण सर्वांनी उचलला. शासनाने 2000 साली ग्रामस्वच्छतेच्या मोठ्या मोहिमेला त्यांचे नाव दिले, आणि ते योग्यच झाले. पण तो खराटा ज्या हातात होता त्याच हाताने पंढरपुरात, आळंदीत, देहूत, नाशकात धर्मशाळा बांधल्या. वारीला येणाऱ्या गरीब माणसाला, आणि त्यातही ज्याला जातीमुळे कोणी ओसरीवर टेकू देत नसे त्याला, अंग टाकायला जागा हवी, ही त्यांची पहिली काळजी होती. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्याच काळजीतून उभी राहिली, आणि पुढे ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. गावात शिरताच ते रस्ता झाडू लागत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून घायाळ करीत; वर्गणीतून जमलेला पैसा मात्र स्वतःच्या मठाकडे न जाता विटांकडे, चुन्याकडे, छपराकडे जाई. लाखोंच्या इमारती उभारणारा हा मनुष्य त्यांतल्या एकाही दालनावर आपला हक्क सांगत नसे. त्यांच्या दशसूत्रीत भुकेल्याच्या अन्नाबरोबर बेघराचा आसरा स्पष्टपणे येतो. दादरला त्यांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आज टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्यांना राहायला जागा देते. परळच्या पदपथावरचा जो भार तेवढ्याने कमी होतो, तो कोणत्याही मोहिमेच्या गाडीने कधी कमी केला नाही.

माझ्या म्हणण्याला एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी टाळू इच्छीत नाही. उद्याने मुलांसाठी, स्त्रियांसाठी, वृद्धांसाठी आहेत. ज्या शहरात माणशी मोकळी जागा इतकी तुटपुंजी, तिथे तीही मुक्कामाला दिली तर चाळीतल्या मुलाने खेळायचे कुठे? हा आक्षेप रास्त आहे. 1925 साली खुले झालेले आणि 1927 साली शिवाजी पार्क हे नाव घेतलेले मैदान कोणी वस्तीसाठी मागावे, असे मी सुचवत नाही. वाळूवर रात्र काढावी लागणे ही स्थिती कोणत्याही मुलाला शोभणारी नाही, आणि तिला हक्काचे नाव देऊन ती कायम करण्यात मला भूतदया दिसत नाही. माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी निवारा, मग स्थलांतर. आधी शौचालय, मग उघड्यावर बसल्याबद्दल दंड. आज क्रम उलटा आहे. उद्यानाची शौचालये दिवे मालवताच कुलूपबंद होतात, पैसे देऊन वापरायच्या शौचालयात चार जणांच्या कुटुंबाचे दिवसाचे पैसे मजुराला परवडत नाहीत, पाण्याचा नळ फाटकाच्या आत राहतो. आणि सकाळी वाळूवर जे दिसते त्याचा दोष शरीरधर्म असलेल्या माणसाला दिला जातो. ज्या स्त्रीला अंधार पडेपर्यंत पाणीच न पिण्याची सवय लावून घ्यावी लागते, तिला स्वच्छतेचे महत्त्व पटवण्याची आवश्यकता नाही.

शहरांत दर लाख लोकवस्तीमागे एक, बाराही महिने आणि आठही प्रहर उघडा असणारा निवारा हवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दिला. त्या हिशेबाने सव्वा कोटींच्या या शहरात सव्वाशे निवारे हवेत. प्रत्यक्ष संख्या त्याच्या फारच मागे आहे. जे आहेत त्यांतले काही एकट्या पुरुषांसाठी आहेत, तर काही फक्त मुलांसाठी. नवरा, बायको, दोन लेकरे आणि म्हातारी आई असे कुटुंब एकत्र राहू शकेल अशी जागा विरळा. म्हणून निवारा नाकारून माणूस पदपथच पसंत करतो, आणि अधिकारी नोंद करतात की लोकांना निवारा नको आहे. नाक्यावर सकाळी सातला मुकादम माणसे निवडतो. शहराच्या टोकाला ठेवलेला बिगारी पहिल्या गाडीने येईतो निवड संपलेली असते. रात्री एकला मांडवातून सुटणाऱ्या वाढप्याला दहा वाजता फाटक बंद करणाऱ्या निवाऱ्याचा उपयोग शून्य. तेव्हा निवारा कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवा, कुटुंबाला पडद्याआड राहता यावे इतका मोठा हवा, फाटक रात्रभर उघडे हवे, आणि सर्वांत आधी, कुलूप लावता येईल अशी एक लोखंडी पेटी प्रत्येकाला हवी, जिच्यात दाखले ठेवून माणूस निर्धास्तपणे कामावर जाईल. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नालेसफाईचे अंदाजपत्रक मंजूर होते, तेव्हा त्याच सभेत, त्याच निकडीने, प्रत्येक विभागातल्या निवाऱ्यांचा तक्ता मांडला जावा, आणि तो मांडावा म्हणून मागणी करणारा अर्ज चौपाटीशेजारच्या त्याच सरळमार्गी गृहस्थांनी सह्या करून द्यावा, अशी माझी आपणांस विनंती आहे.